नव्या गाडीला पहिला चरा पडल्यावर: रुमाल खिशात ठेवा, मग क्रमाने पुढे

आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एक खांब आहे. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर त्याच्या कडेला लाल, पांढरे, राखाडी असे रंगांचे थर चढलेत. गेल्या वर्षी त्यात माझ्या निळ्याची भर पडली. गाडी तेव्हा जेमतेम चौदाशे किलोमीटर चालली होती. मागचं डावं दार आणि त्यामागचा पत्रा खांबाला घासला. खाली उतरून मी खिशातला रुमाल काढला, थुंकी लावली आणि जोर लावून पुसलं. खांबावरची सिमेंटची धूळ रुमालाखाली आली. खांबानं चारच चरे दिले होते, मी बशीएवढा भाग धुरकट करून ठेवला.

असा गोंधळ बहुतेकांचा होतो, कारण क्रम उलटा पडतो. आधी घासायचं, मग बघायचं. आधी क्लेम टाकायचा, मग हिशोब करायचा. रंग मारून झाला की मग आत राहिलेला पोचा आठवतो. नव्या गाडीत याची किंमत जास्त मोजावी लागते. कारखान्यात वरचे रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेले असतात. तयार गाडीत वायरिंग, प्लास्टिक, रबर सगळं बसलेलं असल्यामुळे वर्कशॉपच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. त्यामुळे दुसऱ्यांदा मारलेला रंग कितीही जमला तरी मूळचा नसतो. मूळ रंग जेवढा वाचेल तेवढा वाचवायचा, या हिशोबानं पुढचे टप्पे लावलेत.

## १. जागेवरच: फोटो आधी, फडकं नंतर

गाडी बाजूला घ्या, पण हात लावू नका. मोबाइलवर तीन प्रकारचे फोटो काढा. एक पूर्ण गाडीचा, नंबर प्लेट आणि धडकलेली जागा दोन्ही दिसतील असा. एक जवळून, शेजारी नाणं धरून, म्हणजे आकार कळतो. आणि एक तिरका, पत्र्याच्या जवळजवळ समांतर मोबाइल धरून. समोरून न दिसणारा पोचा या तिसऱ्या फोटोत दिसतो. मीटरवरचे किलोमीटर आणि वेळही टिपून ठेवा.

मग गाडी चालवण्याजोगी आहे का ते बघा. चाकावरच्या कमानीचं आतलं प्लास्टिक टायरला घासत नाही ना? दार, डिकी, बॉनेट नेहमीसारखं लागतं का? दिव्याच्या काचेला बारीक तडा? बंपर एका बाजूनं लोंबतोय, म्हणजे आतल्या क्लिपा सुटल्यात. रिव्हर्स टाकून पार्किंग सेन्सर वाजतात का तेही पाहा.

दुसऱ्या गाडीनं ठोकलं असेल तर तिच्या नंबर प्लेटचा फोटो घ्या आणि जागेवर दोन हजारांत मिटवू नका. बंपरच्या आतला ब्रॅकेट तुटलाय की नाही ते रस्त्यावर उभं राहून कळत नाही. वर्कशॉपचं एस्टिमेट येऊ दे, मग रक्कम बोला. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून वसुली करायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं. एका चऱ्यासाठी त्या वाटेला कुणी जात नाही.

सावधान: कुणाला इजा झाली असेल किंवा समोरच्याच्या मालमत्तेचं मोठं नुकसान असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि पोलिसांना कळवा.

## २. धुणं: अर्धं नुकसान इथंच निघून जातं

सोसायटीत रोज गाडी पुसणारा असेल तर त्याला आजच सांगा, ही बाजू पुसायची नाही. त्याच्या फडक्यात दहा गाड्यांची धूळ असते.

गाडी सावलीत उभी करा आणि पत्रा गार होऊ द्या. आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहू द्या. मग गाडीचा शांपू आणि मायक्रोफायबर. दोन बादल्या ठेवा, एकीत साबणाचं पाणी आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं. चऱ्याच्या दिशेनं हलका हात. बोअरचं पाणी असेल तर लगेच टिपून घ्या, वाळलं की क्षाराचे डाग उठतात आणि पुढची तपासणी फसते.

आता दिसेल की जे ओरखडे वाटत होते त्यातले बरेच ओरखडे नाहीतच. तो खांबाचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग तुमच्या रंगावर बसलाय. मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा थोडं डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे) घ्या, कुठेतरी न दिसणाऱ्या जागी लावून पाहा आणि मग डागावर हलक्या हातानं फिरवा. माझ्या दारावरची अर्धी पांढरी पट्टी अशीच निघाली. खाली रंग शाबूत होता.

सावधान: पेंटच्या दुकानातलं थिनर नको. प्लास्टिकच्या भागावर आणि दुरुस्तीत मारलेल्या रंगावर ते हमखास घाण करतं. टूथपेस्टही नको. त्यात घासणारे कण असतात, पण दातांसाठीचे. गाडीवर ती चरा न काढता भोवती धुरकट वर्तुळ काढते.

## ३. ओळख: चरा कुठल्या थरात थांबलाय?

पत्र्यावर खालून वर साधारण चार थर असतात: गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. चारही मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी जाडी. त्यातलं लॅकर ४०-५० मायक्रॉन. घरी जे काही घासायचं ते या अर्ध्या कागदाच्या जाडीतच.

पहिली चाचणी पाण्याची. चऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. ओला असताना चरा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर तो लॅकरमध्येच आहे. दुसरी नखाची. चऱ्याला आडवं नख अलगद फिरवा. नख न अडकता सरकलं तर पॉलिशनं काम होईल. अडकलं तर नुसत्या पॉलिशनं तो जाणार नाही, फार तर पुसट होईल.

तिसरी चाचणी तळाचा रंग. गाडीचाच रंग दिसत असेल तर ठीक. राखाडी किंवा पांढुरका दिसला तर प्रायमर उघडा पडलाय. चकाकता धातू दिसला तर घाई करा. बंपरवर काळं दिसलं तर ते प्लास्टिक आहे, गंजाची भीती नाही, महिनाभर थांबलात तरी काही बिघडत नाही.

धातूचं मात्र तसं नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईत खारी हवा आणि पावसाळा एकत्र आले की उघड्या पत्र्यावर थोड्याच दिवसांत तांबूस छटा येते. वर्कशॉपची तारीख लांबची असेल तर तोवर जागा कोरडी करून टचअपचा, म्हणजे छोट्या बाटलीतल्या जुळणाऱ्या रंगाचा, एक ठिपका तरी लावून ठेवा. हा तात्पुरता आहे हे लक्षात ठेवा, आणि क्लेम करणार असाल तर विमा कंपनीला कळवून फोटो पाठवल्याशिवाय तेवढंही करू नका.

तपासा: संध्याकाळी गाडीजवळ ट्यूबलाइट किंवा लांब दिवा धरा आणि पत्र्यातलं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ असेल तर पत्रा सरळ आहे. रेघ कुठे वाकली, जाड झाली की तिथं पोचा. चऱ्याखाली पोचा असेल तर सहावा टप्पा पाचव्याच्या आधी वाचा.

## ४. विमा की खिसा?

वर्कशॉपमध्ये गेलात की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणेल, "सर, झिरो डेप आहे ना? मग क्लेममध्ये टाकू, तुम्हाला फक्त हजार रुपये फाइल चार्ज." झिरो डेप म्हणजे भागांच्या किमतीतून घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, न कापणारं जादा कलम. हजार रुपये खरे आहेत. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये स्वतः भरावे लागतात. तो सांगत नाही ते नो क्लेम बोनसचं.

क्लेम केला नाही तर नूतनीकरणाच्या वेळी ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. एक क्लेम केला की पायरी शून्यावर. पुढच्या वर्षी २० टक्के गेले एवढाच लोक हिशोब करतात आणि तिथं चुकतात. नव्या गाडीला पहिल्या वर्षी क्लेम केलात तर पुढच्या पाच नूतनीकरणांत २०-२५-३५-४५-५० ऐवजी ०-२०-२५-३५-४५ मिळणार. बेरजेतला फरक ५० टक्के, म्हणजे एका वर्षाच्या ओन डॅमेज हप्त्याच्या निम्मा.

पॉलिसी काढा, सूट धरायच्या आधीचा ओन डॅमेजचा आकडा शोधा. समजा तो १२,००० आहे. निम्मे ६,००० आणि फाइल चार्ज १,०००. म्हणजे दुरुस्तीचं बिल ७,००० च्या आत असेल तर खिशातून भरलेलं बरं. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते तसा हप्ताही बहुधा उतरतो, म्हणून प्रत्यक्ष तोटा याहून थोडा कमी येईल, पण अंदाजाला एवढं पुरे.

जुन्या गाडीचा ५० टक्के बोनस नव्या गाडीवर आणला असेल तर हिशोब फार कडू होतो. एका क्लेमनंतर ०, २०, २५, ३५, ४५ करत परत ५० वर चढायचं. वाटेत गेलेली सूट मिळवली तर १२५ टक्के होते. वरच्याच उदाहरणात १५,००० रुपये. एका बंपरच्या रंगासाठी हे कुणी करू नये. अपवाद एकच, पॉलिसीत बोनस सुरक्षित ठेवणारं जादा कलम घेतलेलं असेल तर. ते किती क्लेमपर्यंत चालतं ते वाचून घ्या.

झिरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबरच्या भागांच्या किमतीतले ५० टक्के तुमचे. धातूच्या भागाला पहिले सहा महिने घसारा नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, पुढच्या वर्षी १०. काचेला घसारा नाहीच. रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्याच्या निम्मे कापतात.

सावधान: क्लेम करायचा ठरला तर आधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हे होऊ द्या, मग दुरुस्ती. आणि "दाराबरोबर पुढच्या बंपरवरचा तो जुना ओरखडाही घालून टाकू" याला मान हलवू नका. दोन वेगळ्या घटना म्हणजे दोन क्लेम. पुढचा बंपर आणि मागचं दार एका खांबानं कसं घासलं, हे सर्व्हेअरला समजावून तुम्हालाच सांगावं लागतं, अ‍ॅडव्हायझरला नाही.

## ५. घरी करण्याजोगं

### नख न अडकणारा चरा

गाडीवर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म, असेल तर घासू नका. चरा बहुतेकदा फिल्ममध्येच असतो, आणि बऱ्याच फिल्मवरचे बारीक चरे गरम पाण्यानं किंवा उन्हानं आपोआप मिटतात. सिरॅमिक कोटिंग असेल तर पॉलिश केलेल्या जागेवरचं कोटिंग जाईल आणि परत लावावं लागेल, हे धरून चाला.

बारीक रबिंग कंपाउंड आणि फोमचा पॅड आणा. भोवतालच्या रबराला, हँडलला आणि पत्र्याच्या धारदार कडांना मास्किंग टेप लावा. कडांवर रंगाचा थर मुळातच पातळ असतो, आणि रंग उडतो तो तिथंच. हातभर लांबरुंद जागा घ्या, वाटाण्याएवढं कंपाउंड, मध्यम दाब, पंधरा-वीस फेऱ्या, पुसा, पाहा. चरा सत्तर टक्के गेला की थांबा. उरलेला फिनिशिंग पॉलिशनं पुसट होतो. पूर्ण घालवण्याच्या हट्टापायी लॅकर संपतं आणि मग पूर्ण पॅनेल रंगवावं लागतं.

मशीन पहिल्यांदाच हातात घेत असाल तर ते या गाडीवर नको. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) तर नकोच.

### दगडाची टिकली, खोल बारीक चरा

एक्सप्रेसवेवर बॉनेटला दगड उडून टिकलीएवढा रंग उडतो, त्याला टचअप. रंगाचं नाव नव्हे, कोड बघून घ्या. तो दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. एकाच पांढऱ्याचे दोन-तीन प्रकार निघतात.

पाऊस नसलेला कोरडा दिवस निवडा. जुलैतली मुंबई या कामाची नाही. जागा अल्कोहोलनं पुसा. धातू दिसत असेल तर आधी प्रायमरचा ठिपका लावा आणि वाळू द्या. बाटलीच्या झाकणातला ब्रश बाजूला ठेवा, तो टिकलीसाठी झाडूच आहे. टूथपिकचं टोक रंगात बुडवा आणि खड्ड्याच्या मध्यावर नुसतं टेकवा. रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो. पातळ थर, मध्ये अर्धा-पाऊण तास. वाळताना रंग आक्रसतो, म्हणून तीन-चार थर लागतात. वरून लॅकरचे एक-दोन ठिपके, इतके की जागा आजूबाजूपेक्षा किंचित उंच राहील. मग आठवडाभर विसरा.

बरेच लोक इथंच थांबतात आणि तेच शहाणपणाचं. दोन हातांवरून टिकली दिसत नाही, पत्रा झाकला गेला, काम झालं.

तपासा: मेटॅलिक रंगात ठिपका किंचित गडद दिसणारच, कारण चमकीचे कण फवाऱ्यात बसतात तसे टूथपिकनं बसत नाहीत. पुसून परत करत बसू नका.

## ६. पोचा असेल तर आधी हा प्रश्न विचारा

रंग न फुटता पत्रा आत गेला असेल तर रंग न मारता पोचा काढणारा कारागीर गाठा. तो आतून लांब सळ्यांनी रेटतो किंवा बाहेरून गोंदाच्या बटणानं ओढतो. मी ज्याच्याकडे गेलो त्यानं दाराजवळ पट्ट्यांचा दिवा उभा केला आणि पाऊण तास पत्र्याकडे न बघता फक्त पट्ट्यांच्या प्रतिबिंबाकडे बघत काम केलं. रेघा सरळ झाल्या तेव्हा सळी बाहेर काढली. पुट्टी नाही, रंग नाही.

रंगाला तडा गेलेला नसावा, पत्रा ताणलेला नसावा आणि पोचा कडेवर किंवा दुमडीच्या रेषेवर नसावा, तर हे जमतं. दरवाजाच्या मधोमध पडलेला उथळ पोचा यासाठी उत्तम. हे काम नेहमी रंगाच्या आधी. घरी हेअर ड्रायर आणि बर्फाचा प्रयोग पत्र्यावर करू नका. प्लास्टिकच्या बंपरला मात्र कढत पाणी ओतून आतून हातानं रेटलं तर साधा पोचा बाहेर येतो. हातमोजे घाला.

## ७. वर्कशॉपमध्ये: काय लिहून घ्यायचं

एवढं करूनही रंग लागणारच असेल तर लागू द्या. पण जॉब कार्डवर सही करण्याआधी गाडीभोवती फेरी मारा आणि आधीच्या खुणा त्यावर नोंदवा, नाहीतर तिथं पडलेला चराही तुमचाच ठरतो.

मग विचारा. दुरुस्त करणार की बदलणार? बोल्टनं बसणारं दार किंवा फेंडर बदललं तर बिघडत नाही. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, तो छोट्या पोच्यासाठी कापू देऊ नका. हँडल, बीडिंग, आरसा काढून रंग मारणार की वर टेप चिकटवून? काढूनच, असं लिहून घ्या. टेपच्या कडेनं नंतर रंगाची साल निघते. मेटॅलिक किंवा पर्ल रंग असेल तर शेजारच्या पॅनेलवर हलकी झाक मारून मिळवून घेणार का? आणि ठोकून झाल्यावर, पुट्टी लावायच्या आधी एक फोटो पाठवायला सांगा. पुट्टी जाड असेल तर पुढे उन्हातान्हात तडकते, आणि ती किती भरली हे वरून कधीच कळत नाही.

ब्लाइंड स्पॉट इशारा असलेल्या गाड्यांत मागच्या बंपरच्या कोपऱ्यांमागे रडार असतं. तिथं पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढले तर ते नीट बघत नाही. अशा बंपरसाठी अधिकृत वर्कशॉपच बरं. गंजाची वॉरंटी बाहेरच्या कामानं बाद होते का, हेही वॉरंटीच्या पुस्तिकेत पाहून ठेवा.

## ८. गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी सातला "गाडी तयार आहे" असा फोन आला तर सकाळी येतो म्हणा. दिव्याखाली सगळे रंग जुळतात. दिवसा, सावलीत, पत्रा कोरडा असताना तीन बाजूंनी बघा: समोरून, तिरकं, आणि दहा पावलं लांबून. संत्र्याच्या सालीसारखा पोत शेजारच्या पॅनेलइतकाच आहे का? तळहात फिरवला तर धुळीचे कण लागतात का? रबराच्या बीडिंगवर, काचेच्या कडेला, टायरवर रंगाचे शिंतोडे? दाराच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या? रिव्हर्स टाकून सेन्सर परत एकदा तपासा.

कॅशलेस क्लेममध्ये समाधानपत्रावर सही मागतात. ती या फेरीनंतर.

नव्या रंगाला आठवडाभर फक्त साधं पाणी लावा. महिनाभर वॅक्स नाही, कोटिंग नाही, ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंग नाही. पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या फडक्यानं आधी भिजवा, मग उचला.

बिल, आधीचे फोटो आणि पुट्टीपूर्वीचा तो फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावेल आणि या दारावर आकडा जास्त दाखवेल. तेव्हा फोल्डर उघडून दाखवता येईल की गाडी खांबाला घासली होती, उलटली नव्हती.